डॅशबोर्डराव

सातारा-सांगली पट्ट्यात पूर्वी घरटी एक जण फौजेत असायचा, आता घरटी एक जण हिंजवडीत असतो. त्यातला एखादा घरूनच काम करायचं म्हणून गावी येतो आणि मग परत जायचं नाव काढत नाही. उरलेल्या वेळात गावात कुणी काही विकताना दिसलं की त्याचे हात शिवशिवू लागतात. डॅशबोर्डराव याच वाणाचे.

साताऱ्याचा कंदी पेढा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद आणि भडंग. कृष्णेच्या खोऱ्यात जे जे पिकतं, आटवलं जातं किंवा परतलं जातं, ते ऑनलाइन विकणारा माणूस म्हणजे त्यांचा 'युजर'. युजरला काय हवंय ते युजरला कळत नसतं, ही त्यांची श्रद्धा. म्हणून ते विचारत नाहीत, दाखवतात.

दाखवण्याआधी थोडा इतिहास होतो. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली व्यापाराचे आकडे रेघांत आणि पट्ट्यांत मांडले, १८०१ साली गोल चकतीचा तक्ता आणला, हे डॅशबोर्डराव पेढेवाल्यालाही सांगतात आणि पेढेवाल्याच्या गिऱ्हाइकालाही. "१७८६ म्हणजे आपल्याकडे नाना फडणीस," ते पुढे म्हणतात. "मेणवलीच्या वाड्यातलं त्यांचं दफ्तर बघा. कागदामागून कागद, सगळी मोडी, एक चकती नाही! राज्य राहील कसं?" हे त्यांनी एकदा वाईच्या घाटावर ऐकवलं, तेव्हा शेजारी धुणं आपटणाऱ्या बाईनं पुढचे चार फटके जरा जोरातच मारले.

हरिपूरच्या एक काकी हळदपूड आणि बेदाणा ऑनलाइन विकतात. डॅशबोर्डरावांनी त्यांच्यासाठी मोफत डॅशबोर्ड केला. मोफत, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. एका पानावर अठरा तक्ते. रंग असे की काकींना वाटलं, धाकट्याच्या लग्नाची पत्रिकाच छापून आली. ऑर्डर आली की पडद्यावर रंगीत कागद उधळले जात. भारताचा नकाशाही होता आणि त्यात मणिपूर करडं पडलेलं होतं.

"काकी, मणिपूरमधून एकही ऑर्डर नाही."

"आन् मणिपुरात आपलं कोण हाय रं?"

आधी आढावा द्यावा, मग चाळू द्यावं, तपशील मागितला तरच द्यावा, हा बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली मांडलेला नियम डॅशबोर्डरावांना तोंडपाठ आहे. बहुतेक पाठ झाल्यामुळेच तो पाळायचा राहून गेला असावा.

काकींचा प्रश्न एकच होता. "हातात किती पडलं?" प्रश्न दिसतो साधा, पण पाचशेची ऑर्डर म्हणजे पाचशे रुपये नव्हेत. साइटचं कमिशन जातं, कुरिअर जातं, साइट कापून घेते तो टीसीएस जातो (आधी एक टक्का होता, जुलै २०२४पासून अर्धा). उरतं तेही माल पोचल्यावर काही दिवसांनी बँकेत येतं. आणि 'कॅश ऑन डिलिव्हरी' मागवणाऱ्यानं दारात आलेलं पार्सल "नको" म्हणून परत पाठवलं, तर विक्री नाहीच, वर जाण्यायेण्याचा भुर्दंड. डॅशबोर्डरावांनी मोजल्या त्या ऑर्डरी. दिवाळीच्या तोंडावर आलेखाची रेघ छपराला भिडली. काकींच्या ओसरीवर परत आलेल्या पार्सलांची थप्पीही त्याच सुमारास छपराला भिडली, पण पडद्यावर फक्त रेघ दिसत होती. थप्पीचा हिशेब कोपऱ्यातल्या 'आरटीओ' नावाच्या टॅबखाली होता. धंद्यात परत आलेल्या मालाला हेच म्हणतात, हे खरं. पण काकी एमएच-१०च्या हद्दीतल्या. त्यांच्या लेखी आरटीओ म्हणजे धाकट्याचं लायसन. तो टॅब त्यांनी कशाला उघडावा?

शेवटी सासरे बोलले. आबांची हयात हळदीत गेली. हरिपूरची पेवं, २००५च्या पुरात त्यातल्या कित्येकांची झालेली दैना, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो पडदा बराच वेळ न्याहाळला.

"ह्यात आयर्विन कुठाय?"

"म्हणजे, आबा?"

"पावसाळ्यात अख्खी सांगली काय इचारती? आयर्विनला किती फूट! चाळीस झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळीस ऐकलं की खालचा माल वर जातुया, पंचेचाळीस ऐकलं की माणसं. तुझ्या ह्या अठरा चकत्या बघून मी काय उचलू?"

डॅशबोर्डराव गप्प झाले. असं क्वचित होतं, म्हणून नोंद केली. आयर्विन पूल १९२९चा. त्यावरच्या त्या एका आकड्यानं जितकी माणसं वेळेवर हलवली असतील, तितकी यांच्या अठरा तक्त्यांनी माउसची बटणंसुद्धा हलवलेली नाहीत. पण हे आम्ही त्यांना बोललो नाही. आबा पुरेसे होते.

आता काकींना रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी येतात: उद्या काय पाठवायचं, काय परत आलं, बँकेत किती जमा झालं. परतीचा आकडा फुगला की चौथी ओळ येते, "कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा". काकी ती वाचतात आणि खरंच बंद करतात. डॅशबोर्डराव याला 'मिनिमलिस्ट व्हर्जन' म्हणतात आणि आबांचं नाव कुठंही घेत नाहीत. अठरा तक्त्यांचं पान त्यांनी काढलेलं नाही. ते रोज उघडणारा युजर एकच, खुद्द डॅशबोर्डराव. परवा त्यांनी त्यात एकोणिसावा तक्ता टाकला: हे पान रोज किती जण उघडतात त्याचा.

तुम्ही साताऱ्याकडचे असाल तर सांगून ठेवतो. पोवई नाक्यावर चहा पिताना कुणी दाढीवाला लॅपटॉप उघडून "यात तुमची नजर आधी कुठं जाते?" असं विचारील, तर "चहाकडे" म्हणा आणि तुम्ही काही विकता हे चुकूनही सांगू नका.