पत्राव्यवहार : होतकरू पद्मिनीपतींसाठी

सदर मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या, किंवा बाळगू पाहणाऱ्या, सद्गृहस्थांसाठी आहे. इंजिन चालू आहे, कागदपत्रं चोख आहेत, वडिलांची आठवण आहे आणि खालचा पत्रा नाही, अशी ज्यांची अवस्था असेल त्यांनी पुढे वाचावं. ज्यांचा पत्रा शाबूत आहे त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट आणि त्याच्याखालचं अस्तर उचलून बघावं आणि मग पुढे वाचावं.

पायरी पहिली : अंदाज काढणे

पहिला अंदाज घरच्या मंडळींसाठी काढायचा असतो. त्याची रीत अशी. वीस गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाड. आठ बाय चार फुटांची शीट एकवीस किलोच्या आसपास भरते. किलोला नव्वद रुपये धरले तरी दोन हजारांच्या आत मामला. एवढ्या पत्र्यात दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, फ्लोअरचे तुकडे आणि दारांच्या खालच्या पट्ट्या निघून वर थोडा उरेलही. हा हिशेब अक्षरशः खरा आहे. तो चहाच्या वेळी, कागदावर, बेरजेसकट मांडावा. “अहो, म्हणजे दोन हजारांत होतंय ना?” असा प्रश्न आला की “मजुरी वेगळी” एवढं म्हणावं, पण कप तोंडाला लावता लावता म्हणावं.

दुसरा अंदाज लोहचुंबक काढतं. फ्रिजवरचं एखादं घ्यावं, रंगाला ओरखडा नको म्हणून पातळ फडक्यात गुंडाळावं आणि मडगार्डावरून सावकाश फिरवावं. जिथे पत्रा आहे तिथे ते धरतं. जिथे मागच्या मालकाने बोटभर लांबी भरून ठेवली आहे तिथून ते मुकाट घसरतं. चाकाच्या कमानीपाशी, दाराच्या खालच्या चार बोटांत आणि डिकीच्या कडेला बहुधा घसरतंच. घसरेल तिथे खडूने गोल करावा. रंगापेक्षा खडू जास्त दिसू लागला की थांबावं.

यानंतर मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो. तो बाहेरून टकटक करत नाही, गाडीखाली वाकून रनिंग बोर्डाच्या पोटात पातं खुपसतो. पातं मुठीपर्यंत आत जातं आणि बाहेर येताना ओलसर वर्तमानपत्राचा बोळा घेऊन येतं. आधीच्या कोणा कारागिराने भोकात कागद कोंबून वरून लांबी ओढलेली असते. बोळा हलक्या हाताने उलगडून तारीख वाचावी. विकताना आपल्याला सांगितलेलं ‘फुल रिस्टोरेशन’ नेमकं कधी झालं, ते त्यावर छापलेलं असतं.

“खर्च किती येईल?” हा प्रश्न या क्षणी विचारू नये. विचारलात तर “खोलल्यावर कळंल साहेब” हेच उत्तर येईल, आणि या संपूर्ण विषयात तेवढंच एक उत्तर प्रामाणिक आहे.

पायरी दुसरी : पत्रा मिळवणे

यासाठी थोडा इतिहास हवा. पद्मिनी म्हणजे मुळातली फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून ती १९६४ मध्ये ‘डिलाइट’ म्हणून बाहेर पडली, मधे काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ पासून पद्मिनी म्हणवली गेली आणि शतक सरता सरता बंद पडली. कारखाना बंद झाला तरी पत्रा मिळत राहिला, तो मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज एकमेकींना घासत होत्या, त्यामुळे मडगार्ड हा नित्य खपाचा माल होता आणि नित्य खपाच्या मालाला नित्याचाच भाव असतो. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं. सुट्या भागांच्या दुकानदारांनी काही लिहिलं नाही. त्यांनी माळ्यावरचं मडगार्ड खाली काढलं, पुसलं आणि भाव बदलला. तोच पत्रा काल ‘स्पेअर’ होता, आज ‘अँटिक’ आहे.

खरेदीसाठी ऑपेरा हाउसच्या गल्ल्या, चोरबाजारातला मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही स्थळं आहेत. तिथे आपली पद्मिनी घेऊन जाऊ नये. ‘क्लासिक’, ‘व्हिंटेज’, ‘हेरिटेज’ हे शब्द घरीच ठेवावेत, दर शब्दामागे भाव चढतो. “मामांची जुनी फियाट आहे, विकूनच टाकायचीय, म्हणून जरा डागडुजी,” असं म्हणावं. दुकानदार मान डोलवेल. हे वाक्य त्याच्या कानावर रोज पडतं.

माल चार प्रतींचा असतो. एक, कंपनीचा, काळा प्रायमर मारलेला, कधीच न बसवलेला. तो दुकानदाराच्या मेहुण्याकडे असतो आणि मेहुणा गावाला गेलेला असतो. दोन, लोकल दाबाचा. तो बघताना हुबेहूब असतो आणि बसवताना नसतो. तीन, दुसऱ्या गाडीचा काढीव, ज्यावर चुंबक पुन्हा फिरवावं लागतं. चार, कारागिराने साच्यावर आणि डॉलीवर ठोकून केलेला. हा चौथा सर्वांत चांगला, पण असे हात आता थोडे उरले आहेत आणि ते कोणाच्याच घाईत नसतात. १९६४ च्या आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी डुक्कर फियाट ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्या तीन प्रती वाचल्याच नाहीत असं समजावं.

(इंग्लंडात एमजीबी नावाची एक दोन आसनी गाडी १९८० मध्ये बंद झाली. १९८८ पासून तिचा अख्खा सांगाडा, जुन्याच डायवर दाबलेला, नवा कोरा विकत मिळू लागला. गंजकी गाडी एका बाजूला ठेवायची, कोरा सांगाडा दुसऱ्या बाजूला, आणि मधे इंजिनाची ने-आण करायची. हा परिच्छेद गॅरेजमध्ये मोठ्याने वाचू नये.)

पायरी तिसरी : कापणे

खर्च इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

दार, बॉनेट, डिकीचं झाकण हे बिजागरीवरचे भाग. ते काढले काय, बसवले काय, गाडीला फारसं कळत नाही. रनिंग बोर्ड, फ्लोअर, मागचा क्वार्टर ही वेगळी जात. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. रनिंग बोर्ड म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं सगळं वजन ती पेटीसारखी घडी उचलून धरत असते. ती कापली की गाडी मधोमध बसू पाहते. म्हणून जाणता मिस्त्री कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचे आडवे-तिरके टेकू वेल्ड करतो, गाडी समपातळीत स्टँडवर घेतो आणि दाराच्या चारी फटींची मापं खडूने तिथेच पत्र्यावर लिहून ठेवतो. या कामाला अख्खा दिवस जातो आणि दिवसाअखेर गाडीत दिसण्यासारखं काहीही सुधारलेलं नसतं. मालक नेमका त्याच संध्याकाळी येतो आणि विचारतो, “आज काय झालं?”

खर्च वाचवायचा असेल तर हा दिवस वाचवावा. गाडी जॅकवर घ्यावी, ग्राइंडर लावावा, जुना रनिंग बोर्ड उडवावा, नवा चिकटवावा. जॅक काढल्यावर दार लागणार नाही. खांदा लावून ढकललं तर लागेल, पण मग उघडणार नाही. आता बिजागरी वाकवावी, मग काचेची चौकट घासेल, ती रेतावी, मग आतून पाणी येईल, त्यासाठी जाड रबर लावावं, मग पुन्हा दार लागणार नाही. हा मार्ग बराच लोकप्रिय आहे.

कापल्यावर आत दिसतं ते वेगळंच. वरच्या पत्र्याच्या पाठीमागे आणखी एक पत्रा असतो, तो गेलेला असतो. तो जिथे जोडायचा तो फ्लोअर गेलेला असतो. फ्लोअरची कड धरून वेल्ड मारावं तर ज्योत लागताच पातळ पत्र्याला भोक पडतं, म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत कापत मागे मागे जावं लागतं. मोठमोठ्या इमारती दुरुस्तीला काढतात तेव्हा प्लॅस्टरबरोबर भिंत येते, तसं हे आहे. लांब सलग वेल्ड मारला तर पत्रा तापून लाटा मारतो. मग इथे टाका, तिथे टाका, गार होऊ द्या, पुन्हा टाका. मजुरी या गार होण्याची असते. पत्र्याची किंमत अंतिम बिलात कुठेतरी असते, पण ती शोधावी लागते.

कालावधीबद्दल एवढंच : मिस्त्री ‘सोमवारी’ म्हणेल. कुठला ते विचारू नये.

पायरी चौथी : रंग

नवं मडगार्ड रंगवलं की शेजारचं दार जुनं दिसतं. कोड तोच, डबा तोच, पण दार वर्षानुवर्षं उन्हात उभं आहे. दार रंगवलं की मागचा क्वार्टर दिसतो, मग डिकी, मग छप्पर. गॅरेजवाले रंगाचा भाव ‘पर पॅनल’ सांगतात, हे त्यांचं सौजन्य आहे, कारण अख्खी गाडी एकदम सांगितली तर गिऱ्हाईक पळून जाईल. पूर्ण गाडी रंगवायची तर काचा काढाव्या लागतात, काचांचं रबर काढताना तुटतं, आणि नव्या रंगाशेजारी क्रोमचा बंपर पिवळा दिसू लागतो. रंग बदलण्याचा मोह झालाच तर आरटीओत जाऊन आरसी बुकावर तो चढवून घ्यावा लागतो. शेवटी “पक्कं बिल हवंय का साहेब?” असा प्रश्न येतो. त्याची किंमत अठरा टक्के.

पायरी पाचवी : विमा आणि सरकार

गंजाला विमा मिळत नाही, ती झीज समजली जाते. रिक्षाने ठोकलं तर मिळतो, पण दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागावर पन्नास टक्के घसारा कापून. आणि तोही विमापत्रात लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या आत, जी किंमत बहुधा आपल्या रंगाच्या बिलापेक्षा कमी असते.

सरकारने मात्र २०२१ मध्ये आपली दखल घेतली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. अट एवढीच की गाडी मूळ स्वरूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. म्हणून फोटो काढताना वेल्डिंगच्या बाजूने काढू नयेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल-दुरुस्ती एवढ्यासाठीच परवानगी आहे. म्हणजे गॅरेजात न्यायला हरकत नाही, आणि आपली गाडी दुसरीकडे कुठे जाते?

जाता जाता वाचकांना एक विनंती. कोणाच्या अंगणात, माळ्यावर किंवा बंद गॅरेजात पद्मिनीचा डावीकडचा मागचा दरवाजा, मूळ पत्र्याचा, पडून असेल तर तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. संपादकांच्या पत्त्यावर कळवावं. चुंबक आम्ही घेऊन येऊ.