गुलाल, काजळी आणि थारचं हूड

"गुरुजी, समोरच्या बंगल्यातली थार बघितली का? तीन दिस झालं, टप उघडाच हाय."

तात्या मेंदीच्या कुंपणापलीकडून बोलत होते. एका हातात मिश्रीची डबी, नजर रस्त्यावर. सणसरात कुणाच्या दारात काय उभं राहिलं हे तात्यांना आधी कळतं, मालकाला नंतर.

"पोरगं हौशी आहे तात्या. परवा मामेभावाच्या वरातीला काढली होती."

"वरात ठीक हाय वो. त्याच्या आदुगर सोसायटीच्या मिरवणुकीला दिलीवती. मागं चौघं उभं, वरनं जेशीबीनं गुलाल. आन् हूड मागं तसंच दुमडून ठेवल्यालं, उघडं. बघवंना मला."

बघवेना हे खरंच. तात्यांचं सगळं आयुष्य बारामतीत कुशनच्या दुकानात गेलं. सीटा तर शिवल्याच, पण खरी कमाई हुडांची. वडापच्या जीपा, कमांडर, पुढे रिक्षा. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची ॲपे बनते, त्यामुळे तीनचाकीचं हूड या भागात कुणाला नवं नाही. वडापवाल्याला हूड म्हणजे पाऊस अडवणारी ताडपत्री, बाकी लाड नाहीत. थारचं प्रकरण निराळं. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, ती टप मागे दुमडता येणारीही मिळू लागली, आणि ऊसपट्ट्यातल्या पोरांना वरातीसाठी जीप भाड्याने आणायची गरज उरली नाही.

"त्येच्या बायकूनं सांगितलंवतं, कव्हर शिवून घ्या म्हणून," तात्यांच्या घरातल्या जिजी बोलल्या. त्या कधी बाहेर आल्या ते कळलं नाही. "तर ह्या गड्यानं त्या पैशात भोंगा बसवला. रातीला वाजला की आमची म्हस दूध चोरती."

"कव्हर म्हणजे गाडी झाकायचं?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वर्गात दोन अधिक दोन पाच सांगितले असावेत.

"गाडीचं नव्हं गुरुजी. घडीचं. टप मागं घेतला की त्याची घडी पडती, सांगाडा आन् कापड एकात एक. त्या घडीवर बसतंय ते. टिचबटणं, खालनं इलॅस्टिक, दोन पट्टं. झालं."

मला वाटत होतं हे शोभेचं. गाडी नीटनेटकी दिसावी म्हणून. साहेबलोकांच्या देशात तसं असेलही. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या उघड्या गाडीची घडी मागे इतकी उंच यायची, की तिला बटणांचं कव्हर लागायचंच. माझदाच्या एमएक्स-५ ला सुरुवातीला असंच होतं, २००५ च्या मॉडेलपासून टपाचा पुढचा भागच घडीवर झाकण होऊन बसतो. सणसरात मात्र शोभेचा प्रश्नच नाही. इथे कारखाना आहे.

पोरगा गाडी धुवायला बाहेर आला तसे तात्या फाटकातून थेट तिकडे निघाले. मी मागोमाग. (जिजी कुंपणाशीच राहिल्या, पण कान आमच्यासोबत आले.)

"दादा, घडी उघड बरं जरा."

त्याने कुरकुरत एक थर उचलला. आत काजळी. श्री छत्रपती कारखान्याचा बॉयलर पेटला की भवानीनगरपासून सणसरपर्यंत काय पडतं ते दोरीवर पांढरं लुगडं वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. त्यात कुणी ऊस पेटवून तोडतो, कुणी मागचं पाचट जाळतो. जळक्या पाचटाची काळी पापडी वाऱ्यावर तरंगत येते आणि बोट लागलं की भुगा. तो भुगा घडीच्या पोटात बसला होता. तात्यांनी कापड दोन बोटांत धरून एकमेकांवर घासलं. खर्रर्र.

"हे ऐकलं? गाडी खड्ड्यातनं गेली की ह्ये असं घासतंय. कापड दुमडीवर पातळ हुतंय. पयला पाऊस आला की थेंब तिथनंच."

शिवणीत गुलाबी रेघ होती. गुलाल. पोराने ओलं फडकं फिरवलं होतं, त्यामुळे रंग पसरून धाग्यात मुरला होता. "गुलाल कोरडा हाय तवर मऊ बुरशानं झटकायचा, मग पाणी," तात्या म्हणाले. "तू उलटं केलंस." आणखी आत, सांगाड्याच्या सांध्याजवळ, भुईमुगाची दोन टरफलं आणि कापसाचा बोळा. उंदराने संसार मांडायला घेतला होता.

पोरगा जरा नरमला. "तात्या, कव्हर असतं तर उंदीर गेला नसता का?"

"गेला असता. उंदराला कवर काय करतंय? त्याला गाडी आठ-धा दिसांनी हलवावी लागती, आन् मागं शेंगा खायाच्या नाहीत. कवर धुरळ्याला, काजळीला, उन्हाला आन् गुलालाला. पळताना वाऱ्यानं घडी फडफडती, ती बी दबून ऱ्हाती."

मग मागच्या पारदर्शक पडद्यांची पाळी आली. प्लॅस्टिकचे ते पडदे काढून त्याने चौपदरी घडी करून सीटखाली कोंबले होते. घडीच्या जागी पांढरा चरा उठला होता. तात्यांनी हताश होऊन मान हलवली. पडदे गुंडाळायचे, मध्ये जुनं मऊ सुती कापड घालायचं. त्या चऱ्याला औषध नाही.

इथे मीही थोडं शहाणपण पाजळलं. "म्हणजे कव्हर घालून टाकलं की काम झालं."

"तिथंच तर माणूस फसतोय, गुरुजी! आषाढात ह्याच पोरानं काय केलं?" तुकोबांची पालखी काटेवाडीवरून सणसरला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला गोल रिंगण. पोराने उघड्या थारमधून वारकऱ्यांना केळी वाटली, चांगलं काम केलं. सर आली. ओलं हूड तसंच दुमडलं, वर खताच्या गोणीचा कागद बांधला आणि चार दिवस विसरला. उघडलं तेव्हा आत बुरशीचे ठिपके आणि गोठ्यात यावा तसा वास. "ओल्या घडीवर कवर घालण्यापरीस उघडी ऱ्हायलेली बरी. आदी टप वर चढवून वाळवायचा, मग घडी, मग कवर."

माझं मत विचाराल तर, लाखांनी गाडी घ्यायची आणि टपाच्या घडीला खताचा कागद, हे आपल्या भागाला शोभत नाही. पण भोंगा ऐकू येतो, कव्हर दिसत नाही. मिरवणुकीत कोण बघणार?

"जुन्या जिप्सीलाबी कापडी टप यायचा," तात्या परत येता येता सांगत होते. "त्या मालकास्नी कवर शिवलं की एकच सांगायचो, पट्टं बांधायला इसरू नका. एकानं नुस्ती बटणं लावली, इंदापूर रोडला वाऱ्यानं बटणं सुटली आन् कवर मागच्या ट्रॅक्टरच्या काचंवर. नशीब, ट्रॅक्टर उसाचा भरल्याला हुता, हळू चालत हुता."

संध्याकाळी पोरगा कुंपणाशी आला. मोबाइलवर तयार कव्हरचा फोटो. हे मागवू का?

तात्यांनी फोटो बघितलाही नाही. "घडीची जाडी प्रत्येकाच्या हातावर असती. तू जाड घडी घालतोस. कंपनीचं कवर तुला आखूड पडंल आन् बटणं वडून कापड फाटंल. गाडी आण. हूड वाळवून, झटकून, नीट दुमडून आण. वरात झाल्यावर नव्हं, व्हायच्या आदी."

तात्यांनी दुकान स्वतःच्या मुलाच्या हवाली केलं असलं तरी माप ते स्वतःच घेतात. तेव्हा या पट्ट्यात ज्यांच्याकडे दुमडता टप आहे, त्यांनी लग्नसराई सुरू व्हायच्या आत गाडी घेऊन यावं. फोनवरून सांगितलेलं माप चालणार नाही.