मागच्या खुर्चीवरचा माणूस

विमान अपघाताचा अहवाल आला की आपल्याकडे दोन शब्दांत फाईल बंद होते: मानवी चूक. चरखी दादरीच्या बाबतीत त्यात आणखी एका वाक्याची भर पडली. कझाक वैमानिकांना धड इंग्रजी येत नव्हतं. झालं, विषय मिटला. चूक परक्या माणसाच्या इंग्रजीवर ढकलता आली की सगळ्यांनाच हायसं वाटतं. मला ते पटत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदीचं बोइंग ७४७ निघालं. आखातात पोटापाण्यासाठी निघालेली आपली कितीतरी माणसं त्यात होती. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीला उतरायला येत होतं. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंत उतरायची. मध्ये हजार फुटांचं अंतर, पण जायची आणि यायची वाट एकच. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. वैमानिक तोंडानं सांगेल तीच उंची खरी धरायची. कझाक विमानानं १५,००० फूट गाठल्याचं कळवलं, तेव्हा ते प्रत्यक्षात १६,०००च्या वर होतं आणि खाली येतच होतं. समोरून विमान येतंय, ते १४,०००वर आहे, हे नियंत्रकानं सांगितलं होतं. इल्युशिन १५,०००वर थांबलं नाही. चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं आकाशात धडकली. ३४९ माणसं गेली. वाचलं कुणीच नाही.

आता त्या इल्युशिनच्या कॉकपिटमध्ये कोण कुठे बसलं होतं ते बघा. नियंत्रकाशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं. म्हणजे विमान चालवणारे वेगळे आणि बोलणारा वेगळा. बोलणाऱ्यापुढे उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रसुद्धा नव्हतं. आपण किती उंचीवर आहोत हे कळायला त्यानं पुढच्या दोघांच्या खांद्यांवरून डोकावायचं. शेवटी विमान ठरल्यापेक्षा खाली गेल्याचं लक्षात आलं ते ह्याच माणसाच्या. १५०वर, म्हणजे १५,००० फुटांवर राहा, खाली उतरू नका, असं त्यानं सांगितलं. विमान वर घ्यायची धडपडही झाली, पण तोवर वेळ उरला नव्हता.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य कारण ठरलं ते ठरवून दिलेली उंची परवानगीशिवाय सोडणं. त्यामागं कच्चं इंग्रजी होतं, हेही अहवालात आहे आणि ते खरंच आहे. पण त्याच अहवालात कॉकपिटमधल्या माणसांत ताळमेळ नव्हता, हेही नोंदलेलं आहे. इंग्रजीचा मुद्दा सगळ्यांना पाठ, ताळमेळाचा कुणालाच आठवत नाही.

इंग्रजीवर खापर फोडणाऱ्यांनी तेनेरिफचा अपघात नीट वाचावा. २७ मार्च १९७७, स्पेनच्या कॅनरी बेटांवरचा लोस रोदेओस विमानतळ. दाट धुकं, आणि एकाच धावपट्टीवर दोन जम्बो: डच कंपनी केएलएमचं एक, अमेरिकी पॅन अॅमचं दुसरं. उडाल्यावर कुठल्या मार्गानं जायचं एवढंच नियंत्रकानं केएलएमला सांगितलं होतं. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी एक धड इकडचं ना तिकडचं वाक्य जोडलं. आम्ही निघालोय की निघायला तयार आहोत, यातलं काहीही त्याचा अर्थ होऊ शकत होता. नियंत्रक आधी ‘ओके’ म्हणाला आणि मग, थांबा, मी सांगतो, असं म्हणाला. नेमकं त्याच वेळी पॅन अॅमनं आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. दोघं एकदम बोलले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ ऐकू आलं, पुढचं सगळं कर्कश शिट्टीत बुडालं.

त्यानंतरचं बोलणं मात्र बुडालं नव्हतं. धावपट्टी मोकळी केली की कळवतो, असं पॅन अॅमनं म्हटलेलं मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं टिपलं. ते विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्यानं विचारलं. इंग्रजीत नाही, डच भाषेत. हाताच्या अंतरावर बसलेल्या, तीच मायबोली असलेल्या माणसाला. झालंय की, असं कॅप्टननं ठासून सांगितलं. हा कॅप्टन म्हणजे केएलएमच्या ७४७ वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख. इंजिनियर त्यापुढे बोलला नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं धडकली. ५८३ माणसं मेली. इथे भाषा कुठे आडवी आली?

सूचना चुकीची ऐकली जाणारच. कानात हेडफोन, त्यात खरखर, चौदा कामं हातात आणि पलीकडून भरभर येणारे आकडे. म्हणून तर ऐकलेलं परत म्हणून दाखवायचा नियम आहे. तो रीडबॅक कान देऊन ऐकणं हे नियंत्रकाचं काम. १९८९मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या मालवाहू विमानाला २,४०० फुटांवर यायला सांगितलं गेलं. आकडे सुटे सुटे सांगितले गेले, ‘टू फोर झिरो झिरो’. त्यातला पहिला ‘टू’ हा आकडाच वाटला नाही. वैमानिकांनी ४०० फूट ऐकलं आणि तसंच परत म्हणून दाखवलं. नियंत्रकानं चूक पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चारही जण गेले.

बरं, रीडबॅक बरोबर आला म्हणजे निभावलं, असंही नाही. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेडा विमानतळ. तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबायची सूचना होती. ती बरोबर परत म्हटली गेली, आणि तरीही विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा जीव गेला. जपान एअरलाइन्सचे सगळे, ३७९ जण, जळत्या विमानातून बाहेर निघाले. तोंड सूचना बरोबर म्हणत होतं, डोक्यात मात्र परवानगी मिळाल्याचं पक्कं बसलं होतं.

हे सगळं दूरचं नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तिच्यावर गर्दीच्या वेळी तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. ८ जून २०२४ला तिथे एअर इंडियाचं विमान धावपट्टी सोडण्याच्या बेतात असताना मागून इंडिगोचं उतरलं. आमच्या वैमानिकांना परवानगी होती, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं. नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं गेलं आणि दोन दिवसांत बातमी विरली. खुर्चीवरचा माणूस हटवणं सोपं असतं. त्या खुर्चीवर ताशी किती विमानांचा भार टाकायचा, हा प्रश्न हटत नाही.

आता तर कॉकपिटमधली मागची खुर्चीच गेली. रेडिओ ऑपरेटर गेला, फ्लाइट इंजिनियर गेला, राहिले दोघं. शंका काढायची ती शेजारच्यानंच, आणि तो बहुधा वयानं, पदानं लहान. आपल्याकडे घरी, शाळेत, ऑफिसात थोरांना उलट न विचारण्याचं वळण लागलेलं असतं. गणवेश चढवला म्हणून ते एका दिवसात जात नाही. मार्च २००८पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीची किमान पातळी ठरली, तिची परीक्षा आली. चांगलं झालं. ‘सर, तुम्ही चुकताय’ हे म्हणता येतं का, ह्याचीही तितकीच कडक परीक्षा हवी.

ती घेता येते. वैमानिकांची सिम्युलेटरवर दर सहा महिन्यांनी तपासणी होतेच. तिथे परीक्षकानं कॅप्टनच्या खुर्चीवर बसावं, नियंत्रकाची सूचना मुद्दाम चुकीची घ्यावी आणि ठामपणे सांगावं, असंच म्हणाला तो. सहवैमानिकानं एकदा विचारलं आणि गप्प बसला, तर नापास. दुसऱ्यांदा अडवलं, नियंत्रकाला पुन्हा विचारायला लावलं, तर पास. आणि कॅप्टनची तपासणी असेल तेव्हा हेच उलट करावं: शंका सहवैमानिकानं काढावी, आणि कॅप्टन हात आखडतो की रेटून पुढे जातो ते बघावं. निकाल विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं दरवर्षी छापावा, नावं वगळून, कंपनीनिहाय. तिकीट काढताना मी तो बघेन.