देवराईवाले शेठ

शाहूपुरीत सिमेंट-लोखंडाचं दुकान चालवणारा माणूस समोरच्या गुलमोहराला हात जोडून मगच शटर वर करतो, हे बघायला गल्लीला थोडे दिवस जड गेलं. आता कुणी मान वळवत नाही. शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली ही व्यापारी पेठ. गुळाच्या ढेपेपासून टीएमटी सळीपर्यंत तिनं सगळं पाहिलंय, त्यात एक झाडाचा भक्त.

शेठ 'देवराईवाले' झाले आहेत. ही जमात हल्ली गावोगाव वाढते आहे. वय पन्नाशीपुढं, गल्ला मुलाच्या ताब्यात गेलेला, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं आणि भजनी मंडळात आवाज लागत नसलेला. अशा माणसाला धर्म हवा असतो, पण बसून करायचा नको असतो.

दर रविवारी त्यांचा गट गगनबावड्याकडच्या एका राईत जातो. रानमोडी उपटायची, जत्रेचं प्लास्टिक वेचायचं, झऱ्यातला गाळ काढायचा. काम खरं आहे. खालच्या शेतांना त्या झऱ्याचं पाणी लागतं. नियमही जुनेच : कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, पायताण बाहेर. गारंबीची हातभर शेंग बघून शेठचा हात शिवशिवला, पण आवरला. पायताणाचं मात्र जमत नाही. करकरणारी कापशी चप्पल बाहेर ठेवली की निम्मं ध्यान देवाकडं आणि निम्मं तिच्याकडं.

नव्या भक्ताची आच घरच्यांना लागते. अंगणातला पाला झाडायला शेठनी बंदी घातली. "पाला कुजू दे. त्याखाली पाणी मुरतं."

वहिनी म्हणाल्या, "मुरलं असतं. पण अंगणात फरशी हाय, आणि ती तुम्हीच बसवलीसा."

गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या, हे शेठ गिऱ्हाइकाला वाळूचा भाव सांगता सांगता ऐकवतात. लंडनच्या पुतण्यानं कळवलं, की तिकडं झाडंझुडपं, ऋतू पुजणारे ड्रुइड आहेत आणि 2010 साली त्यांच्या एका संस्थेला सरकारदरबारी धर्मादाय म्हणून मान्यता मिळाली. शेठनी ते लगेच राईच्या गुरवाला सांगितलं. गुरव म्हणाला, "त्यास्नी नोंदणीला लय उशीर झाला म्हणायचा."

खरी परीक्षा पुढं आली. गावानं देवाला आरसीसी सभामंडप बांधायचं ठरवलं आणि सिमेंट मागायला मंडळी थेट शाहूपुरीत आली. आपलाच माणूस! देव म्हणजे जांभळाखालचा शेंदूर लावलेला तांदळा. स्लॅबसाठी ते जांभूळ जाणार. शेठनी देव उघड्यावरच शोभतो, मुळं, बुरशी, ओलावा असं बरंच सांगितलं. पाटील शांतपणे ऐकून म्हणाले, "शेठ, तुमच्या घराला गळती हाय का?"

शेवटी शेठनीच तोड सुचवली : देवाला विचारा, कौल लावा. राईत झाड तोडायला पूर्वी कौल लागायचाच. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार.

उजवी पडली. तीही पटकन.

भक्ताची याहून मोठी पंचाईत नसावी. देव मानावा तर देवराई जाते, आणि देवराई राखावी तर देव खोटा पडतो. पण आयुष्यभर टेंडर भरलेला माणूस कलमं नीट वाचतो. शेठ पुढं झाले. "आपण इचारलं काय? छप्पर घालू का. झाड तोडू का, असं कुठं इचारलं?"

पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी एकही पडेना. अर्धा तास गेला, जळवा चढल्या, शेठचं तिसऱ्यांदा चपलांकडं बघून झालं. गुरवानं हात जोडले. "देव इचार करतोय." अंधार पडू लागला तसा पाटलांचाही धीर सुटला.

स्लॅब रद्द झाला. जांभळाचा बुंधा सोडून, त्याच्याभोवती गोल कापलेला पत्रा घालायचं ठरलं. पावसात त्या भोकातून देव भिजणारच, पण त्याबद्दल कुणी त्याला विचारलं नाही. पत्रे शेठच्याच दुकानातून गेले. पैसे रोख घेतले. वाहतूक तेवढी सोडली.