मॅनेजर मॅडम

मुलींचा बास्केटबॉलचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाईमाणूस लागतं, आणि नेमक्या त्याच सुमारास स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या घरी अडचणी उभ्या राहतात. इंग्रजीच्या मॅडमचं बाळ लहान असतं. (ते गेली काही वर्षं लहानच आहे.) कॉमर्सच्या मॅडमच्या सासूबाईंची शुगर स्पर्धेच्या तारखा पाहून वाढते. मग प्राचार्यांची नजर फिरत फिरत गृहअर्थशास्त्राच्या मॅडमवर येऊन थांबते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, अशा एक मॅडम कुठल्याही कॉलेजात भेटतील. बास्केटबॉलबद्दल त्यांना ठाऊक असतं ते एवढंच, की त्या जाळीला बूड नाही आणि ते कुणीतरी वेळीच शिवून घ्यायला हवं होतं.

संघाचे प्रशिक्षक, म्हणजे खेळाचे सर, त्यांना समजावून सांगतात. आपली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा, या पाच जिल्ह्यांतल्या पोरींमधून बारा जणी निवडायच्या, त्यांनी पश्चिम विभागात मुंबई-पुण्याशी, गुजरात-राजस्थानशी झुंजायचं आणि पहिल्या चारांत आलं तरच अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. मॅडम सगळं शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "जेवणाचं काय?"

त्यांचा खरा सामना मात्र कोर्टावर पाय ठेवण्याआधीच सुरू होतो, आणि तो असतो मुलींच्या वडिलांशी.

"मॅडम, पोरगी हाय. इतक्या लांब कायले पाठवाव?"

"भाऊ, मी हाय ना सोबत."

"अन् पाहुणे येऊन रायले पुढच्या आठवड्यात."

"येऊ द्या की. पोरगी देशपातळीवर खेळते म्हणून सांगा. चहा तुम्हीच करा एक दिवस."

सरांनी याच घरात तासभर शिष्यवृत्ती, क्रीडा गुण आणि नोकरीतलं आरक्षण समजावलेलं असतं. त्याचा उपयोग शून्य. मॅडम मात्र सही घेऊन बाहेर पडतात, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडीही.

गाडी मलकापूरहून. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे घाटावरच्या पोरींना राजूर घाट उतरून खाली यावं लागतं. (खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी तेवढी अजून सुरू आहे. ती पूर्ण होईल तेव्हा या पोरींच्या नाती खेळत असतील.) फलाटावर सरांच्या हातात चेंडूंची जाळी आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिकांची फाइल. मॅडमच्या पिशवीत दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, ठेचा, सुईदोरा, सेफ्टी पिनांची माळ, ओवा, हळद आणि बारा पोरींच्या बारा आयांचे फोन नंबर, वहीत लिहिलेले, कारण मोबाइलवर त्यांचा भरवसा नाही.

प्रत्यक्ष सामन्यात मॅडमच्या संस्कारांना पहिला धक्का बसतो. वर्गात ज्या पोरींना त्यांनी वर्षानुवर्षं शिस्त शिकवली, त्याच इथे परक्या मुलींच्या हातातून चेंडू ओढतात. "अगं हिसकावू नको! माग तिला!" असं त्या बाकावरून ओरडतात तेव्हा सर कपाळावर हात मारतात. पण मॅडम अगदीच चुकीच्या शतकात नाहीत, थोड्याच उशिरा आल्या आहेत. 1891मध्ये जेम्स नायस्मिथनं अमेरिकेत हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या स्मिथ कॉलेजातल्या सेंडा बेरेन्सन नावाच्या बाईंनी तो मुलींना शिकवायला घेतला. त्यांनी बायकांसाठी जे नियम केले, त्यांत चेंडू हिसकावायला चक्क बंदी होती. 1893च्या पहिल्या सामन्याला पुरुषांना आतही सोडलं नव्हतं. हे ऐकल्यापासून मॅडमचं बेरेन्सनबाईंबद्दल फार चांगलं मत आहे.

खेळाडूच्या नावावर पाच फाउल झाले की ती बाहेर, हा नियम मात्र त्यांना लगेच पटला. खर्चाच्या वहीत त्यांनी प्रत्येकीचं पान उघडलं आणि किराणा दुकानदार उधारी मांडतो तसे फाउल मांडू लागल्या. "तुझे चार झालेत गं, आता रोखीत खेळ!" ही सूचना त्या पोरीला बरोबर कळते. सरांचं 'डिफेन्समध्ये डिसिप्लिन ठेवा' तिला कधीच कळलेलं नसतं.

टाइमआउट एक मिनिटाचा. सर फळ्यावर बाण काढत असतात, त्यातली तीस सेकंदं मॅडम खातात: पाणी, लिंबू-साखर, सुटलेली वेणी. एकदा सर सात नंबरवर भडकले, पळतच नाही म्हणून.

"सर, तिला आज बसवा."

"का? लागलंय का तिला?"

"बसवा म्हटलं ना."

सरांनी बसवलं. पुढचा सगळा क्वार्टर ते स्कोअरबोर्डाकडे गरजेपेक्षा जास्त निरखून पाहत राहिले.

घोळ होतो तो पंचांपाशी. सामना चालू असताना बाकावरच्या मंडळींपैकी फक्त प्रशिक्षकाला, किंवा त्याच्या सहायकाला, उभं राहता येतं. मॅडमची एखादी पोरगी आपटली आणि शिट्टी वाजली नाही, की त्या पदर खोचून उठतात आणि थेट कोर्टाच्या रेषेपर्यंत जातात. "तुम्हाला लेकीबाळी हायेत का नाही?" पंच टेक्निकल फाउल देतो. तो चढतो सरांच्या नावावर, आणि समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळतो. मॅडमच्या वहीत सरांचंही एक पान आहे, ते असं.

त्यामुळे संघ अखिल भारतीयला निघाला की सर प्राचार्यांकडे हळूच विषय काढतात, या खेपेला खेळाची जाण असलेली मॅनेजर द्या. पुढे चेन्नईच्या सहा-सहा फुटी मुली आहेत, एकेक गुण मोलाचा आहे. ही बातमी होस्टेलवर पोचायला दहा मिनिटं लागतात आणि बाराही जणी प्राचार्यांच्या दारात उभ्या राहायला पंधरा. मॅडम नसतील तर आमच्या घरचे सोडत नाहीत, असं कर्णधार सांगते. ते खरंही असतं. सर माघार घेतात.

गाडीत मॅडम सरांकडून नियमपुस्तक मागून घेतात आणि भुसावळ येईपर्यंत चष्मा लावून वाचतात.

"सर, हे बाकावर बसणाऱ्यांचं झालं. अन् गॅलरीत बसून ओरडणाऱ्यांचं?"

सर पुस्तक दोनदा चाळतात. प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचा टेक्निकल प्रशिक्षकावर चढवणारं कलम सापडत नाही.

"मग बाकावरची माझी खुर्ची तुमच्या पिशवीला द्या," मॅडम म्हणतात आणि दशम्यांचा डबा उघडतात.