रसायनांचा संपर्क टाळा
(बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे चिंताक्रांत पालक यांच्यासाठी केमिस्ट्रीच्या अभ्यासाची मार्गदर्शक तत्त्वे)

बोर्डाचा केमिस्ट्रीचा पेपर ७० गुणांचा आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचे. या शंभर गुणांच्या वाटेवर अधूनमधून खरीखुरी रसायने आडवी येतात आणि विद्यार्थ्याचे लक्ष विचलित करतात. पुढील सूचना काटेकोरपणे पाळल्यास दोन वर्षांत एकाही पदार्थाशी ओळख न होता विषय सुटू शकतो.

१. अकरावी
अकरावी हे विश्रांतीचे वर्ष. दहावीच्या टक्क्यांचे पेढे वाटून होईपर्यंत पहिली सहामाही येते. कॉलेजात फक्त नाव ठेवावे, देह क्लासमध्ये ठेवावा. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, ही बातमी बारावीच्या एप्रिलपर्यंत स्वतःला कळू देऊ नये.

याच वर्षी ‘मोल’ भेटतो. मोल म्हणजे ६०२ आणि त्यावर एकवीस शून्ये इतके कण, एवढे पाठ करून पुढे जावे. १८ ग्रॅम पाण्यात एक मोल रेणू असतात, म्हणजे ही सगळी शून्ये चहाच्या साडेतीन चमच्यांत बसतात. चमचा घेऊन खात्री करण्याचा मोह होईल. स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे.

२. पाठांतर
इनऑरगॅनिकसाठी हिंदी वाक्ये पिढीजात चालत आली आहेत. पहिल्या गणासाठी ‘लीना की रब से फरियाद’, दुसऱ्यासाठी ‘बेटा मांगे कार स्कूटर’ वगैरे. लीनातला ‘ना’ म्हणजे सोडियम. हा धातू सुरीने चिरता येतो, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो आणि पाण्यात पडला की तडतडत पृष्ठभागावर सैरावैरा पळतो. यातले काहीही लक्षात ठेवू नये. लीना लक्षात ठेवावी.

मेंडेलीव्हने १८६९ साली आपल्या कोष्टकात काही जागा मोकळ्या सोडल्या. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि त्यातली एक भरली. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत असे धाडस करू नये. मॉडरेटर मूलद्रव्ये शोधत बसत नाही.

ऑरगॅनिकमध्ये अभिक्रियांना माणसांची नावे असतात. क्लेमेन्सन: झिंक अमाल्गम आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. वुल्फ-किश्नर: हायड्राझीन आणि अल्कली. दोन्हीकडे कार्बोनिलमधला ऑक्सिजन जातो आणि त्याच्या जागी दोन हायड्रोजन येतात. मग एकाच कामाला दोन पद्धती कशाला, असा प्रश्न एखाद्या गाफील क्षणी पडेल. रेणूच्या बाकीच्या भागाला आम्ल सोसते की अल्कली, त्यावर पद्धत ठरते, असे उत्तरही सुचेल. हे उत्तर कळले की दोन्ही अभिक्रिया आपोआप लक्षात राहतात आणि पाठांतराची शिस्त बिघडते. म्हणून सरांनी ‘हे सिलॅबसमध्ये नाही’ म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकावे.

३. लॉग टेबल
बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. ०.००२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढायचा आहे, असे समजा. टेबल सांगते: बार तीन पॉइंट ३०१०. इथे बार फक्त तीनच्या डोक्यावर असतो. मागचा ३०१० धनच असतो. म्हणून पीएच येतो २.७. मात्र बहुसंख्य विद्यार्थी उदारपणे बार सगळ्याच आकड्यांवर ओढतात आणि ३.३ हे उत्तर काढून त्याभोवती चौकोन आखतात. पेपरात हा एखाद्या गुणाचा घोळ. बाटलीत मात्र आम्ल एकदम चौथाईवर येते. बाटली पाहायची नसल्याने चिंतेचे कारण नाही.

४. टायट्रेशन
प्रॅक्टिकलच्या दिवशी खरा धोका ब्युरेटपासून सुरू होतो. त्यात पोटॅशियम परमँगनेट भरलेले असते, इतके गडद की खालचा मेनिस्कस दिसतच नाही, वरचा वाचावा लागतो. फ्लास्कमधले ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे. पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो. तेवढ्यात अभिक्रियेतून सुटलेले मँगनीजचे आयन स्वतःच उत्प्रेरक होतात आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरून जातात. फ्लास्क हलवत राहावे, थेंब थेंब सोडत राहावे, आणि मग एक थेंब असा पडतो की अख्खे द्रावण फिकट गुलाबी होते आणि तसेच राहते.

हा सर्वांत नाजूक क्षण आहे. पुन्हा एकदा करून बघावेसे वाटते. अशा वेळी तत्काळ शेजारच्याला रीडिंग विचारावे.

रीडिंग लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. पायलट रीडिंग ‘९ ते १०’. मग ९.८, ९.८, ९.८. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग ९.८. पन्नास मुलांच्या पन्नास जर्नलांत तिन्ही रीडिंग दशांशापर्यंत जुळतात, असे नेमके काम जगातल्या कोणत्याही संशोधन संस्थेला जमलेले नाही.

५. सॉल्ट
सॉल्ट निळे असेल तर कॉपर, गुलाबी असेल तर कोबाल्ट, हिरवे असेल तर निकेल नाहीतर लोह, पांढरे असेल तर नशीब. निकेलसाठी डायमिथाइलग्लायॉक्झिम टाकावे लागते, आणि परीक्षानळीत लालभडक साका बसतो. त्याऐवजी लॅबमधल्या काकांना गाठावे.

“काका, निकेल आहे का हो?”
“टेस्ट कर की बाळा. लालभडक होतंय बघ.”

काका हे उत्तर वर्षानुवर्षे देत आले आहेत आणि दरवर्षी मुले ‘लालभडक’ एवढे ऐकून नळी न उचलता पळतात.

नायट्रेटची ब्राउन रिंग मिळवायला नळी तिरकी धरून कडेने सल्फ्युरिक आम्ल हळूच सोडावे लागते. दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडे दिसते. सरांना दाखवायला नेताना नळी हलली की कडेही जाते. मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलमधून उतरवलेली रिंग कधी हलत नाही. उतरवताना ताईची स्पेलिंगे दुरुस्त करू नयेत. परंपरा खंडित होते.

६. तोंडी परीक्षा
एक्सटर्नल विचारतील, “या टायट्रेशनमध्ये इंडिकेटर कोणता?” आत्मविश्वासाने ‘फिनॉल्फ्थॅलिन’ म्हणावे. परमँगनेट स्वतःच रंग दाखवते, वेगळा इंडिकेटर लागत नाही, हे फ्लास्ककडे बघणाऱ्यांनाच माहीत असते. ते उत्तर दिल्यास एक्सटर्नल खूश होऊन पुढचा प्रश्न विचारतात.

७. पालकांसाठी
घरातही दक्षता घ्यावी. हळदीच्या डागावर साबण चोळला की डाग लाल होतो, हे मुलाच्या समोर करू नये. ‘असं का होतं गं?’ असे तो विचारेल, आणि क्लासची फी वाया जाईल.

८. अपयश आल्यास
इतकी काळजी घेऊनही काही मुलांना विषय आवडतो. ती गुपचूप बीएस्सीला केमिस्ट्री घेतात. अशा घरी नातेवाइकांनी आवर्जून भेट द्यावी, चहा घ्यावा आणि विचारावे, “इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही वाटतं?”