अळीमीमांसा

शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे सरकू नये, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. तो पाळतो. विषय : कुंडीतली अळी. प्रयोजन : काही नाही. अधिकारी : आपणच लावलेल्या झाडाचे पान कुरतडलेले पाहून ज्याला आनंद होतो तो. असा माणूस शंभर बिऱ्हाडांच्या सोसायटीत एखादाच निघतो आणि तो बहुधा सेवानिवृत्त असतो. संबंध : अधिकाऱ्याचा घरच्यांशी उरलेला, तो पुढे यथावकाश स्पष्ट होईल.

या शास्त्राचा सर्वांत मोठा संप्रदाय उत्तर अमेरिकेत आहे. तिकडे मोनार्क नावाचे नारिंगी फुलपाखरू मिल्कवीड या चिकाच्या झाडावर अंडी घालते. लोक परसात ते झाड लावतात, अळ्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात आणि पंख फुटले की सोडून देतात. त्यांच्याकडे प्रयोजनही आहे, आणि तेही भारदस्त. हे फुलपाखरू हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोतल्या डोंगरांवर जाते. नेमके कुठे जाते हे शोधण्यासाठी फ्रेड अर्कहार्ट या कॅनडाच्या प्राध्यापकाने अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्याच्यासाठी शोध घेणाऱ्या केन ब्रगर आणि कातालिना अग्वादो यांना ती जागा सापडली. पंखावर चिठ्ठी चिकटवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला घरच्यांनी काय म्हटले असेल, हा प्रश्न इतिहासकारांनी हाताळलेला नाही. वास्तविक अर्कहार्टबाईही त्याच कामात होत्या, त्यामुळे म्हणायला कोणी शिल्लकच नव्हते. शास्त्राच्या प्रगतीला अशी दाम्पत्ये लागतात.

प्रयोजन आले की भांडणे येतात. टेक्सास-फ्लोरिडाच्या बाजूला सध्या वाद पेटला आहे तो लाल-पिवळ्या फुलांच्या उष्ण कटिबंधातल्या मिल्कवीडवरून. उबदार हवेत हे झाड हिवाळ्यातही टिकते. मग मोनार्क मेक्सिकोचा बेत रद्द करून तिथेच रेंगाळतात आणि पानांवर एका सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साचत जातात. म्हणून जाणकार म्हणतात, ते झाड लावू नका आणि लावलेच तर थंडीत छाटा. आता या वादग्रस्त झाडाचे आपल्याकडचे नाव ऐका : हळदीकुंकू. नर्सरीत सवाष्णीच्या नावाने विकले जाणारे हे रोप सातासमुद्रापार अशा आरोपांखाली आहे, याची त्याला कल्पनाही नसावी. इथे त्याच्यावर कसलाही आळ नाही. मात्र नर्सरीतून आणलेल्या रोपावर बहुधा कीटकनाशक फवारलेले असते आणि अळ्यांची पहिली पिढी दुसऱ्याच दिवशी वैकुंठाला जाते. म्हणून रोप चांगले धुऊन काही आठवडे तसेच राहू द्यावे.

आपल्याकडे मोनार्क नाही. त्याचा चुलतभाऊ प्लेन टायगर आहे. मोठेपणाचा मुद्दा निघाल्यास सांगून ठेवावे, की इजिप्तमधल्या लक्झरच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात आमच्या या भावाचे चित्र आहे. दोघांच्या अळ्या शेजारी ठेवल्यास पट्टे तेच, पण मोनार्कच्या अळीला मिशांसारख्या काळ्या शिंगांच्या दोन जोड्या आणि आमच्या अळीला तीन. याहून अधिक अभिमान बाळगणे शास्त्राला शोभणार नाही.

प्लेन टायगरचे मुख्य अन्न रुई. इथे शेजारच्या काकूंचा पूर्वपक्ष उभा राहतो : रुई दारात लावू नये, आणि तुमच्या अळ्या आमच्या झाडांवर येतील. पहिल्या आक्षेपाला उत्तर नाही. तो पुराव्याच्या पलीकडचा आहे. दुसऱ्याला आहे. ही अळी रुई आणि तिची भावंडे सोडून काही खात नाही. काकूंच्या तुळशीवर, मोगऱ्यावर किंवा मनीप्लांटवर नेऊन ठेवली तर ती उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. इतका कडकडीत नेम काकूंच्या चातुर्मासातही आढळलेला नाही. (कढीपत्त्यावरची हिरवी अळी हा वेगळा पंथ आहे. तिथे प्रत्यक्ष फोडणीशी संघर्ष असल्याने तो विषय आम्ही हेतुपुरस्सर टाळला आहे.)

खरे पांडित्य अळीच्या जेवणात आहे. रुईचा चीक तोंडाला लागला की तोंड चिकटते, आणि चीक तर पानाच्या शिराशिरांतून दाबाने भरलेला. यावर या कुळातल्या अळ्यांनी काढलेला उपाय असा : लहान असताना पानात गोल चर पाडायचा आणि आतले बेट तेवढे खायचे. मोठे झाल्यावर मधल्या शिरेलाच चावा घ्यायचा, प्लंबर कामाला हात घालण्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व बंद करतो तसा. चीक ओघळून जातो, पान मान टाकते, मग जेवण. आत उरलेले विष अळी पचवत नाही, साठवते. ते फुलपाखरातही उतरते. मोनार्क खाल्लेल्या ब्लू जे पक्ष्याला भडाभडा उलटी होते, हे लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवले आणि त्या उलटीचे छायाचित्रही काढले. विज्ञानात इतकी नेमकी साक्ष क्वचित मिळते.

या कमावलेल्या दुर्लौकिकावर फुकट जगणारी डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी ही एक वेगळीच बाई आहे. ती हुबेहूब प्लेन टायगरचा वेश करते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. नर मात्र काळाभोर, त्यावर निळसर कडांचे पांढरे ठिपके. तो आपल्याच अंगरख्यात फिरतो. आणि या विषकन्येचे बालपण कशावर गेलेले असते? घोळीच्या भाजीवर. डाळ घालून करतात तीच घोळ.

आता ज्यावर हे सारे शास्त्र उभे आहे तो प्रश्न : पाने. अंडे तीन-चार दिवस, अळी दोनेक आठवडे, कोष आठवडा-दहा दिवस. यातले मधले दोन आठवडे गृहस्थाच्या आयुष्यातले फार खर्चाचे. शेवटच्या दिवसांत अळी जे खाते त्याला खाणे म्हणत नाहीत. कुंडीतली रुई संपते आणि अधिकारी पिशवी घेऊन रस्त्याकडेला जातो. तिथे त्याला कळते की रुईचे गिऱ्हाईक आपण एकटे नाही. पूर्वी विधुरही होते. तिसरे लग्न अशुभ, म्हणून वराचे तिसरे लग्न रुईशी लावायचे, म्हणजे नवरी आपोआप चौथी ठरायची. हा वर्ग आता रोडावला. पण शनिपीडित वाढले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी हारवाले झुडपे ओरबाडून नेतात, शनिवारी सकाळी ती पाने मारुतीच्या गळ्यात असतात, आणि घरी अळ्या ओक्याबोक्या काडीवर बसलेल्या.

माळेतून एखादी अळी गाभाऱ्यात पोचली तर तिला काय म्हणावे, यावर तीन मते आहेत. भक्तांच्या मते तो दृष्टांत, पुजाऱ्याच्या मते निर्माल्य. आमच्या मते ती आमची आहे आणि परत मिळावी.

यावर तोडगा एकच : पाने गुरुवारीच तोडावीत, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावीत, आणि हात साबणाने धुवावेत, कारण हा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचे हाल होतात. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘भाजी नाही’ असे लिहावे. खाली सही करावी, म्हणजे विचारणारा थेट आपल्याकडे येईल.